आईचा माफीनामा, माझ्या इंग्रजीत

'रिफ्रेन फ्रॉम' हे क्रियापद मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजच्या ग्रंथालयात, भिंतीवर. 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम टॉकिंग.' आमच्या कसबा पेठेत कुणाला गप्प करायचं असेल तर सरळ म्हणतात, "हळू बोला, इथे माणसं राहतात." त्यापुढे ही पाटी मला फारच वेगळी वाटली. बोलू नका, असं ती म्हणतच नव्हती. तुम्हाला बोलता येतं, तुम्ही बोलू शकता, पण तुम्ही आपणहून थांबाल, एवढा भरवसा ती ठेवत होती. माझ्यावर असा भरवसा आधी कुणी ठेवला नव्हता. 'करू नको' एवढंच मी ऐकत आलेले.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगताना लाजत नाही. आई वाशीमकडची, चौथीपर्यंत शिकलेली. वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर आईनं हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत साफसफाईचं काम धरलं. धरलं म्हणजे एजन्सीतर्फे. गळ्यात कार्ड कंपनीचं आणि नोकरी एजन्सीची, असा तो प्रकार असतो. पहाटे उठून मनपाच्या स्टॉपवर जायचं, सातच्या आत गेटमध्ये, चारला सुटका. सहा वर्षं केलं. एका खाड्यावरून कधी बोलणी खाल्ली नाहीत.

बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला इंग्रजी पत्रलेखन होतं. शिकवणारे सर कडक, पण शिकवायचे मनापासून. 'रिफ्रेन'बद्दल त्यांनी सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. "स्टॉप हे हवालदार दुसऱ्याला म्हणतो. रिफ्रेन हे सभ्य माणूस स्वतःला म्हणतो. पुढे फ्रॉम, आणि फ्रॉमच्या पुढे आयएनजी. विसरलात तर मार्क गेले." माफीच्या पत्राचाही त्यांचा साचा ठरलेला होता. आधी खेद, मग जबाबदारी, मग पुन्हा न करण्याची हमी. "आणि सबब? सबब अजिबात नाही. सबब आली की ते पत्र राहत नाही, रडगाणं होतं." त्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे होते. सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. घरी येऊन मी ते आईला वाचून दाखवलं. तिला एक अक्षर कळलं नाही, तरी ती पोळ्या लाटायची थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

त्याच वर्षी थंडीच्या दिवसांत ते घडलं.

आईच्या मजल्यावर एक टीम लीड होते. आई त्यांना नुसतं 'सर' म्हणायची. ते नोकरी सोडून बंगलोरला निघाले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला, त्यात कंपनीच्या नावाचा एक हुडी निघाला. प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेला. ते आईला म्हणाले, "मावशी, माझ्याकडे असे तीन आहेत. तुमच्या मुलीला होईल, घेऊन जा." आईनं तो आपल्या लॉकरमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घरी आणायला पिशवीत घातला. गेटवर बाईमाणसांची पिशवी तपासणारी एक गार्ड होती. तिनं पिशवी उघडली.

"मावशी, हे कुठून?"

"सरायनं दिला."

"गेटपास?"

गेटपास म्हणजे आतली कुठलीही वस्तू बाहेर न्यायची तर त्यावर साहेबाची सही लागते. दिलेल्या वस्तूलाही लागते हे आईला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत तिला कुणी काही दिलंच नव्हतं, तर ठाऊक कुठून असणार? सर आदल्या दिवशीच निघून गेलेले. गार्डनं हुडी ठेवून घेतला, रजिस्टरमध्ये आईचं नाव लिहिलं आणि आईला जाऊ दिलं.

आई घरी आली तेव्हा तिच्या हातात पिशवी घडी करून धरलेली होती. आधी पाणी प्याली, मग मला सगळं सांगितलं. सांगून होईतो एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला. तो तिकडचाच, हिंजवडीजवळच्या माण गावचा, तिशीचा माणूस. आईनं फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, घाबरायचं काय कारन नाय. आमच्याकडं हे रोजचंच हाय. एक माफीनामा लिहून द्या, ॲडमिनच्या मॅडमच्या टेबलावर ठेवतो, विषय संपला."

"पन मी काही चोरी नाही केली ना भाऊ."

"कोन म्हनतंय केली? माफीनामा म्हंजी काय, एक कागद. फाईलला लागतो. तुमची पोरगी शिकलेली हाय ना? इंग्रजीत द्या, वजन पडतं."

आता बाहेरच्या माणसाला प्रश्न पडेल, की काही केलेलंच नाही तर माफी कशाची? पण आमच्या जिन्यात माफी अशीच मागतात. नळावर घागर आदळली, कुणी ओरडलं, की आई म्हणणार, "चुकलं बरं का." मग घागर दुसऱ्या कुणाची का असेना. चुकलं म्हणायचं म्हणजे वाद मिटवायचा. ती कबुली नसते, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. घरमालकाशी, रेशनच्या दुकानदाराशी, बसच्या कंडक्टरशी आई सहा वर्षं हेच करत आलेली. माफीनामा म्हटल्यावर तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच वाटलं. खरं सांगायचं तर मला जरा आनंदच झाला. माझं शिक्षण पहिल्यांदा घराच्या उपयोगाला येत होतं.

मी वही घेऊन बसले. आई समोर बसली आणि सांगू लागली. सर कोणत्या मजल्यावर बसायचे, ड्रॉवर कसा रिकामा केला, काय म्हणाले, पिशवी बंदच कशी होती, सगळं.

"सरायनं दिला, हे आधी लिही."

"लिहिते आई."

"त्यायचं नाव लिही. बंगलोरला गेले म्हणून लिही. फोन करून विचारा म्हणा."

मी हो हो म्हणत होते आणि मनात साचा जुळवत होते. पहिला परिच्छेद खेदाचा. दुसरा जबाबदारीचा. तिसरा हमीचा, आणि त्यात ते माझं आवडतं क्रियापद: 'आय शॅल रिफ्रेन फ्रॉम टेकिंग एनी कंपनी प्रॉपर्टी इन फ्युचर.' एक चूक नव्हती. फ्रॉमच्या पुढे आयएनजी होतं. आईचं वाक्य कुठे बसवावं ते मला समजेना. एकदा पहिल्या परिच्छेदात घालून पाहिलं, पत्र एकदम केविलवाणं दिसायला लागलं. 'वन सर गेव्ह मी.' मी ते खोडलं. कॉलेजचे सर म्हणालेच होते, सबब अजिबात नाही. सबब आणि खरी गोष्ट यांत फरक असतो, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझं इंग्रजी छान वाहत होतं, मला ते अडवायचं नव्हतं.

"लिहिलं ना ते?" आईनं विचारलं. "सरायनं दिला म्हणून?"

"हो आई. सगळं लिहिलंय."

हे मी बोलले. नजर वर न करता, वहीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी नारायण पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी ते टाइप करून घेतलं. दुकानदार चष्म्यावरून वाचत वाचत एका बोटानं टाइप करत होते. अर्ध्यात थांबले.

"अहो, हे नक्की काय आहे?"

"माफीपत्र आहे काका."

"असं होय. मला वाटलं पद्म पुरस्काराचं आभारपत्र आहे." मग पुन्हा खाली बघून म्हणाले, "मराठीत दोन ओळींत झालं असतं. पण असो, आपल्याला काय, पानाचे पैसे."

मला त्यांचा राग आला नाही. पेठेतले लोक कुणाचं बरं दिसलं की असंच बोलतात, असं मी धरून चालले. आईनं घरी खाली मराठीत सही केली. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, शेवटच्या अक्षरावर पेन दाबून. सही करताना ती म्हणाली, "खरं लिहिलेल्या कागदावर सही करायले काही भेव नाही वाटत."

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटच्या मशीनला तिचं कार्ड लागेना. तिला वाटलं पुसायचं राहिलं, म्हणून पदरानं पुसून परत लावलं. मागे रांग लागली. गार्ड म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा." ती बाजूला झाली आणि अकरापर्यंत तिथेच उभी राहिली. कुणीतरी बाहेर येऊन सांगेल असं तिला वाटत होतं. सुपरवायझर फोन उचलत नव्हता.

पुढच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मी माझी चांगली कुर्ती घातली आणि गुणपत्रिकेची फाईलही घेतली, कशाला ते आता सांगता येत नाही. दोन तास बसवून ठेवल्यावर ॲडमिनच्या मॅडमनी आम्हाला गेटजवळच्या खोलीत बोलावलं. पुण्याच्याच होत्या, बोलणं शांत, आपण-आपण करत. त्यांच्यासमोर माझं पत्र होतं.

"हे आपण लिहिलंय का?"

"हो मॅडम."

"छान लिहिलंय." त्या मनापासून म्हणाल्या. मला वाईट त्याचंच वाटतं. मग त्या इंग्रजीवर गेल्या, आणि मीही इंग्रजीतच उत्तरं देऊ लागले. "पण आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. नवीन लोकांना द्यायच्या किटमधले हुडी गेले दोन महिने कमी येतायत. आम्ही शोधतच होतो. आणि इथे आपण लेखी देताय, की इथून पुढे कंपनीची कुठलीही वस्तू घेणं टाळू. कुठलीही. इथून पुढे." त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं. "टाळतं कोण? आधी जो करत होता तोच ना?"

"मॅडम, तो हुडी एका सरांनी दिला होता. ते बंगलोरला गेले."

"मग ते इथे कुठे आहे?"

इंग्रजीतलं हे बोलणं आईला कळत नव्हतं. आई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "काय म्हणून राहिल्या?"

"म्हणतायत, पत्र वाचलं. पण नियम आहे."

आई खुर्चीत पुढे सरकली. मॅडमना म्हणाली, "बाई, त्यात लिहिलंय ना सगळं. सरायनं दिला म्हणून. माझ्या पोरीनं इंग्रजीत लिहिलंय. वाचा तुमी नीट."

मॅडमनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. त्या क्षणी त्यांनी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते, की सांगू नका. त्यांनी पत्र फाईलमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचलं मावशी. नीट वाचलं. आपण आता या."

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. आईच्या मजल्यावरच्या दुसऱ्या मावशीकडून त्या सरांचा नंबर मिळवला. मेसेज केला. त्यांचं लगेच उत्तर आलं, मराठीतच: 'अरे बापरे, हो, मीच दिला होता. मावशींना माझं सॉरी सांगा.' मी त्यांना लिहिलं, की एवढंच कंपनीला मेलवर कळवाल का. दोन दिवस गेले. मग इंग्रजीत उत्तर आलं. जुन्या कंपनीच्या अंतर्गत बाबींत बोलण्यापासून ते 'रिफ्रेन' करू इच्छितात, असं. मी ते वाचलं आणि त्या क्रियापदाचा उपयोग मला त्या दिवशी खरा कळला. ज्याला एखादी गोष्ट करता येण्यासारखी असते, त्यानं हे क्रियापद वापरावं. त्यांना मेल करता येत होती, म्हणून ते तिच्यापासून दूर राहू शकत होते. आईच्या हातात काय होतं? सहा वर्षं तिनं त्या मजल्यावरचे टेबल पुसले. टेबलांवर घड्याळं, इअरफोन, पाकिटं पडलेली असायची. तिनं उचलून खालची धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवली. तिला कशापासून परावृत्त व्हायचं होतं? ते शब्द मी तिच्या तोंडी घातले, आणि घातल्याबरोबर ती चोर झाली.

मी त्यांच्या पहिल्या, मराठी मेसेजचा फोटो मॅडमना पाठवला. मराठीत नवा अर्जही दिला, खरा, दोन ओळींचा. उत्तर आलं नाही. सुपरवायझर एकदा मनपाच्या स्टॉपवर भेटला. म्हणाला, "ताई, तुमी एवढं कशाला लिहिलं? आमची मानसं लिहितात, चूक झाली, माफ करा, खाली अंगठा. ते वाचतं कोन? तुमचं वाचलं त्यांनी." हिंजवडीत दुसऱ्या एजन्सीत आईला काम मिळालं नाही. तीन ठिकाणी सगळं ठरलं आणि कार्ड बनायच्या दिवशी नको झालं. आईनं मग तिकडे जाणं सोडलं. नारायण पेठेत विद्यार्थ्यांची एक मेस आहे, तिथे ती पोळ्या करायला लागली. सकाळ-संध्याकाळ उभ्यानं काम. वर्षात तिचे गुडघे गेले.

मला नोकरी लागली. एका विमा कार्यालयात, ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रं तयार करायची. पेढे आईनं वाटले. पेढे देताना ती जिन्यातल्या बायकांना सांगायची, मेसमध्ये सांगायची, भाजीवालीलाही सांगायची, "माझ्या पोरीनं खरं ते इंग्रजीत लिहून दिलं होतं. एकेक गोष्ट. पन त्यायनं मानलंच नाही. मोठ्या कंपनीवाल्यायले गरिबाचं खरं नाही वाटत." आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे. दीड वर्ष मी मान हलवली. नोकरी गेली याचं दुःख आई त्या एका वाक्यावर पेलत होती, आणि ते वाक्य खोटं होतं.

एका रविवारी दुपारी, मेसला सुट्टी होती. ती गुडघ्यांना तेल लावत बसली होती. शेजारची बाई येऊन बसली, आणि आईनं परत तेच सुरू केलं. माझ्या पोरीनं लिहून दिलं होतं. शेजारीण गेली. मी म्हटलं, "आई, मी ते लिहिलं नव्हतं."

"काय नव्हतं लिहिलं?"

"सरांनी दिला, हे. मी गाळलं होतं."

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "काऊन?"

पत्र बिघडत होतं, हे कसं सांगणार? ते मी सांगितलंच. तिनं हाताचं तेल पदराला पुसलं. मग म्हणाली, "हाय का तो कागद?"

त्याची एक प्रत माझ्या फाईलमध्ये होती. मी काढली.

"वाच. मराठीत सांग. एक एक ओळ."

मी सांगितली. माझ्या हातून घडलेल्या कृत्याबद्दल मला मनापासून खेद आहे. त्याची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारते. यापुढे कंपनीची कोणतीही वस्तू घेण्यापासून मी स्वतःला परावृत्त ठेवीन. मराठीत ते आणखी वाईट लागत होतं. आई खाली जमिनीकडे बघत ऐकत होती. मी पेपरातलं उत्तर वाचून दाखवलं होतं तेव्हा जशी शेवटपर्यंत ऐकत होती, तशीच. फक्त आता तिला कळत होतं.

"आनि खाली सही माझी."

"हो."

"मंग त्यायचं काय चुकलं?" ती म्हणाली.

तेवढंच. ओरडली नाही, रडली नाही. रडली असती तर मला पुढे काहीतरी करता आलं असतं. तिनं तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली आणि चहा टाकला, माझ्यासाठीही. त्या दिवसानंतर ती गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. हिंजवडीतल्या नोकरीचं कुणी विचारलं की ती म्हणते, "सुटली."

मी इंग्रजी सोडलेलं नाही. दिवसाला वीस-पंचवीस पत्रं माझ्या हाताखालून जातात. त्यात 'रिफ्रेन' आलं की मी थांबते, पुढच्या माणसानं काय केलंय ते फाईल उघडून बघते आणि बहुतेक वेळा ती ओळ काढते. साहेब विचारतात, का काढलंत? मी म्हणते, गरज नाही. मला त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही आणि मला ती नकोही आहे. त्यानं आईचं कार्ड चालू होणार नाही.

गेल्या महिन्यात मेसच्या मालकिणीनं सगळ्या बायकांना एक कागद दिला. पगारी सुट्ट्यांचा काहीतरी होता, इंग्रजीत, खाली सही करायची. आई तो घेऊन घरी आली. मी ऑफिसातून येऊन बसलेच होते.

"आण," मी म्हटलं, "मी वाचते."

"वाचून घेतला," आई म्हणाली. "खालच्या मेडिकलवाल्याकडून." मग जरा थांबून, पेन शोधता शोधता म्हणाली, "आनि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बी. दोघायनं सारखंच सांगितलं."

तिनं कागद टेबलावर माझ्यासमोरच ठेवला आणि सही केली. एकेक अक्षर सुटं. मी वाचायला हात पुढे केला नाही.